कुंडलात राज्य कोणाचं?



हायझेनबर्गने १९२५ साली पुंजयामिकीचा, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सचा, पाया घातला, त्याला शंभर वर्षं झाली. तेव्हापासून नाही, पण अलीकडे मात्र त्या शास्त्रातले शब्द कुठेही चिकटवायची साथ आली आहे. आमदाराने पक्ष बदलला की वर्तमानपत्रात 'क्वांटम झेप' छापून येते. खरी क्वांटम झेप अणूच्या पोटातली, डोळ्यांना न दिसणारी. आमदारांची दूरवरून दिसते. अलेक्झांडर वेंट या राज्यशास्त्रज्ञाने तर २०१५ साली जाडजूड ग्रंथ लिहून, माणूस आणि समाज अक्षरशः पुंजनियमांनीच चालतात, असा दावा केला. मला तो पटत नाही. तरीही हा विषय घेतला, तो सातारा-सांगलीतल्या एका जुन्या प्रश्नापायी.

सप्टेंबर १९४२ मध्ये 'चले जाव' चळवळीत तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं पडली. मग चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे समांतर सरकार, उभं राहिलं. जी. डी. बापू लाडांची तुफान सेना, शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटणं, या गोष्टी आपण शाळेपासून ऐकतो. मला जास्त नवल वाटतं ते न्यायदान मंडळांचं. बांधाचं भांडण, सावकाराचं देणं, टाकलेल्या बायकोची तक्रार, यांचा निवाडा गावातच व्हायचा. दारूबंदी होती. थोडक्या खर्चात गांधी-विवाह लागायचे. आणि त्याच वेळी त्याच शेताचे कागद मामलेदार कचेरीत होते, त्याच गावात पाटील-तलाठी ब्रिटिश सरकारचे नोकर होते.

कुंडल गावात तर आणखी एक पदर होता. कुंडल औंध संस्थानात. तिथे १९३९ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या मदतीने प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. ग्रामपंचायतींना न्यायनिवाड्याचे अधिकारही होते. म्हणजे इथे राजा, शेजारच्या गावात इंग्रज, आणि दोन्हीकडे प्रतिसरकार. आता सांगा, कुंडलात राज्य कोणाचं होतं?

पुंजशास्त्रात 'अध्यारोपण' म्हणतात ते याच्या जवळपास जातं. तळहाताखाली झाकलेलं नाणं छापा असतं किंवा काटा असतं. आपल्याला माहीत नसतं, इतकंच. अध्यारोपणात असं नसतं. तिथे मोजमापाआधी 'हे की ते' ठरलेलंच नसतं. श्रोडिंगरने १९३५ साली जिवंत की मेलेलं हे ठरलेलंच नसलेल्या मांजराचं उदाहरण दिलं ते हा प्रकार किती विचित्र आहे हे दाखवायला. पुढे लोकांनी ते कौतुकाचं करून टाकलं. कुंडलच्या शेतकऱ्याचं राज्य कुठलं, हे आपल्याला कळत नव्हतं असं नाही. फौजदाराने दारात उभं राहून विचारलं तर एक उत्तर होतं, न्यायदान मंडळापुढे बसल्यावर दुसरं, आणि दोन्ही खरी होती.

उपमा इथपर्यंतच ओढावी. इलेक्ट्रॉनला फौजदाराची भीती नसते. भूमिगताला रात्री भाकरी देणाऱ्या बाईला होती, आणि तरी तिने दिली. हे धाडस कुठल्या समीकरणात बसवायचं?

पुंजशास्त्राचं गणित मात्र एका ठिकाणी खरोखर उपयोगी पडलं आहे. १९९७ साली अमेरिकेत गॅलप या मतचाचणी संस्थेने विचारलं, अध्यक्ष क्लिंटन प्रामाणिक आहेत का? उपाध्यक्ष गोर आहेत का? क्लिंटनबद्दल आधी विचारलं तेव्हा ५० टक्क्यांनी त्यांना प्रामाणिक म्हटलं. गोरबद्दल आधी आणि क्लिंटनबद्दल नंतर विचारलं तेव्हा ५७ टक्क्यांनी. गोर यांचा आकडा आधी विचारल्यावर ६८ होता, क्लिंटननंतर विचारल्यावर ६० वर आला. पहिलं मोजमाप दुसऱ्याचं उत्तर बदलतं, हे पुंजगणिताला नवीन नाही. बुसेमायर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी त्याच गणिताने असे क्रमपरिणाम मांडून दाखवले. मेंदूत इलेक्ट्रॉन नाचतात, असं त्यांचं म्हणणं नव्हे. पण ग्रामसभेत आधी पाण्याचा विषय घ्यायचा की दारूच्या दुकानाचा, हे ठरवणाऱ्या सरपंचाला हा परिणाम कोणी शिकवावा लागत नाही.

याउलट जिथे पुंजशास्त्र मुळीच नाही तिथे ते घुसडू नये. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतल्या लोकांना पैसेवारी, म्हणजे चांगल्या पिकाला रुपया धरून यंदाचं पीक किती पैसे याचा सरकारी अंदाज, सांगायला नको. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती, वर गेली तर काही नाही. पीक कापणीचा प्रयोग गावातल्या निवडक प्लॉटांवर होतो. ओढ्याकाठचा प्लॉट आला तर माळावरचा शेतकरीही कागदोपत्री सुखी. यावर एखादा अधिकारी 'मोजलं की वास्तव बदलतं हो' असं म्हणू लागला, तर त्याला थांबवा. माळावरचं पीक जळालेलं होतं, ते मोजण्याआधीही जळालेलंच होतं. इथे निसर्गाची अनिश्चितता नाही, प्लॉट निवडणाऱ्याचं उत्तरदायित्व आहे. हायझेनबर्गच्या नावावर ते खपवू देऊ नये.

तर मग प्रतिसरकारचा निकाल कधी लागला? १९४६ मध्ये मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं उठली, नाना पाटील उघडपणे लोकांत आले. सातारा जिल्ह्यातच भूमिगत राहून पुढे तुरुंगात गेलेले यशवंतराव चव्हाण निवडून आले आणि गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. पोलिसांच्या फायली आता त्यांच्या खात्यात होत्या. पण त्या निवडणुकीची मतदारयादी मिळकत किंवा शिक्षण बघून केलेली होती. भाकरी देणाऱ्या किती बायांची नावं तिच्यात असतील? राज्य कोणाचं, हा प्रश्न त्यांना १९५२ च्या निवडणुकीत पहिल्यांदा विचारला गेला. १९५७ मध्ये नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले ते या बायांच्या मतांवरही.