गाण्याच्या बैठकीतला नवखा श्रोता



आजचा आमचा विषय गवयांसाठी नाही, आणि वर्षानुवर्षे गाणे ऐकून ज्यांचे कान तयार झाले आहेत त्यांच्यासाठी तर मुळीच नाही. जो गृहस्थ शास्त्रीय गाण्याच्या बैठकीला आजवर एकदाही गेलेला नाही, आणि कोणी आग्रह केलाच तर ‘आम्हाला त्यातले काही कळत नाही हो’ असे म्हणून हात जोडतो, त्याच्याविषयी आम्हाला चार शब्द बोलायचे आहेत. पालमसारख्या गावात असे गृहस्थ पुष्कळ. त्यांच्या या नम्रतेच्या आड एक भीती दडलेली असते. मान कुठे हलवावी हे आपल्याला कळणार नाही, ‘वाहवा’ भलत्याच ठिकाणी निघून जाईल, आणि शेजारचा जाणकार वळून आपल्याकडे पाहील! आमच्या मते ही भीती अज्ञानाहून वाईट. अज्ञान ऐकून ऐकून कमी होते. भीती माणसाला ऐकायलाच जाऊ देत नाही.

ही भीती अगदीच निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे गाणे बव्हंशी राजेरजवाड्यांच्या दरबारात आणि धनिकांच्या दिवाणखान्यात होते. विद्या घराण्यात राही. ती बाहेरच्याला सहजासहजी मिळत नसे. ही दारे उघडण्यासाठी काही माणसांनी जन्म वेचला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, लोकांच्या पैशावर. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे पेशाने वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांकडून चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत लिहिल्या आणि छापून सर्वांच्या हाती दिल्या. हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनी तिकीट लावून जाहीर बैठका केल्या, आणि गाणारीला व ऐकणारीला दोघींनाही सभागृहात मानाची जागा मिळाली. हे सारे कोणासाठी झाले? दरबारी लोकांना तर गाणे घरबसल्या मिळत होते! ही खटपट झाली ती ज्यांनी कधी ऐकले नव्हते त्यांच्यासाठी. तेव्हा बैठकीतला नवखा श्रोता म्हणजे आगंतुक पाहुणा नव्हे. आमंत्रण त्याच्याच नावाचे आहे.

आता आम्ही याच्याही पुढे जाऊन म्हणतो, की आपल्याकडचा माणूस पुरता नवखा नसतोच. शेजारचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. या मुलखात भजन आणि सप्ताह यांवाचून वर्ष सरत नाही. सप्ताहात विण्याचा पहारा असतो. एक वारकरी दमला की दुसरा वीणा गळ्यात घेतो. सात दिवस ती खाली म्हणून ठेवायची नाही. तिचा स्वर अखंड चालू राहतो आणि बाकी सगळे त्या स्वराला धरून गातात. बैठकीत गवयाच्या पाठीमागे जे दोन तंबोरे छेडले जात असतात, त्यांचेही काम हेच. चार तारा, आणि त्यांतून अविरत निघणारा गवयाचा षड्ज. गवई त्यापासून कितीही दूर गेला तरी त्याचे घर तिथे आहे. ज्याने विणेकऱ्याच्या पायाशी बसून भजन ऐकले, त्याला षड्ज निराळा शिकवावा लागत नाही. त्याचे नाव तेवढे सांगावे लागते.

समेचेही तसेच. भजनात पुढचा गृहस्थ चरण आळवू लागतो, तो लांबवतो, वळवतो, आणि नेमक्या जागी धृपदावर येतो. त्याच क्षणी सगळे टाळकरी एकदम उसळतात. बैठकीत तबलजी ताल धरतो. तीनतालाच्या मात्रा सोळा, एकतालाच्या बारा. त्या संपल्या की पुन्हा पहिली. या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. गवई आलापाने, तानेने वाटेल तिकडे भटकतो, पण बंदिशीच्या मुखड्यावरून त्याला समेवर यायचे असते. तो आला की सभा मान डोलावते. अंतर एवढेच, की विलंबित ख्यालात एक आवर्तन संपायला पाऊण मिनिटसुद्धा लागते, आणि तोवर नवखा माणूस वाट चुकतो.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही तीन गोष्टी सांगतो. पहिली, तबलजीचा हात दिसेल अशा जागी बसावे. कान चुकला तर डोळा सावरतो. दुसरी, पहिली अर्धी घटका कंटाळा येईल तो येऊ द्यावा. ख्यालात शब्द दोन-चार ओळींचेच असतात. त्यांत कथा शोधणारा निराश होतो. तिथे कथा रागाची असते. गवई एकेक स्वर सावकाश उलगडतो, वरच्या षड्जाला लगेच हात घालीत नाही, आपल्याला वाट पाहायला लावतो. मग पुष्कळ वेळाने तो वरचा षड्ज लागतो, तेव्हा अंगावर काटा येतो, आणि त्यासाठी रागाचे नाव माहीत असावे लागत नाही. तिसरी गोष्ट, न कळता ‘वाहवा’ म्हणू नये, आणि कळले नाही म्हणून लाजू नये. खिशातला मोबाइल बंद करून स्वस्थ बसणारा श्रोता गवयाला बडबड्या जाणकारापेक्षा केव्हाही प्रिय असतो.

आणि जाणकारांनाही आमचे एक मागणे आहे. नवख्याला रागाचे नाव विचारून त्याची परीक्षा घेऊ नका. गदगच्या बाजूचा एक लहान मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकत उभा राहिला. त्या वेळी त्याला रागशास्त्र कोणी शिकवले होते? १९३३ साली, अकराव्या वर्षी, तो गाण्यासाठी घरातून निघून गेला. पुढे सवाई गंधर्वांकडे शिकून तोच पंडित भीमसेन जोशी झाला. खाँसाहेबांनाही ठाऊक नव्हते, की आपली तबकडी कोणत्या दुकानात कोणाच्या कानी पडत आहे. आपल्या शेजारी संकोचाने बसलेला पोरगा कोण आहे, हे तरी आपल्याला कुठे ठाऊक असते?

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. पृथ्वीवरच्या संगीताची एकेक तबकडी त्यांच्याबरोबर गेली आहे, आणि तीत गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ताऱ्यांच्या वाटेवर ती कोणी ऐकलीच, तर त्याला ‘थाट कोणता?’ असे विचारायला तिथे कोणी बसलेले नाही! परक्या विश्वातल्या श्रोत्यावर माणसाने जो विश्वास टाकला, तो आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्यावर, दुकानदारावर, शाळेतल्या मुलीवर टाकायला काय हरकत आहे?

गाणे गवयाच्या गळ्यात जितके जगते तितकेच ऐकणाऱ्याच्या कानात जगते. मोठ्या शहरांत सभागृहे भरतील. पण लहान गावात बैठक ठरली आणि सतरंजी रिकामी राहिली, तर दुसऱ्या वर्षी कोणी बैठक ठरवणार नाही, आणि मग आपल्या मुलांना समोर बसून गाणे ऐकायची संधीच उरणार नाही. म्हणून आमची विनंती आहे. जवळपास कुठे बैठक असल्याचे कानी आले की एकदा जा. एकटे जाऊ नका, जो ‘कळत नाही’ म्हणतो त्याला बरोबर न्या. भजन जसे भैरवीपर्यंत ऐकता तसे हेही भैरवीपर्यंत ऐका.