उत्तर बरोबर, पण रीत कुठंय?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांची संस्था नोंदवायचं आज ठरलं, वर्गणीही सुरू झाली. म्हणून थोडं पैशाबद्दल बोलतो.

गणिताचे सर समोर बसलेत. सर, उत्तर बरोबर असलं तरी रीत लिहिली नाही की तुम्ही गुण कापायचात. ते मला फार उशिरा कळलं.

काही वर्षांपूर्वी एका आजारी मित्रासाठी मी वर्गणी गोळा केली. पै न पै उपचारालाच लागली. पण हिशेब दिला नाही. आपल्याच माणसांना काय हिशेब द्यायचा, असं वाटलं. मग कुजबुज सुरू झाली. पावत्या शोधल्या, तर निम्म्या हरवलेल्या. एक जिवलग मित्र तेव्हापासून बोलत नाही. आजही तो आलेला नाही.

संस्था नोंदवली की 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे दरवर्षी 31 मार्चला हिशेब मिटवावे लागतील, ते धर्मादाय कार्यालयाला द्यावे लागतील. पण तो कागद फाइलीत राहतो. शंभर रुपये देणारा सेनगाव, वसमतहून तो बघायला कशाला जाईल?

म्हणून माझी विनंती : प्रत्येकाला पावती द्या. जमा, खर्च, शिल्लक दरवर्षी शाळेच्या फलकावर लावा. आणि विचारणाऱ्यावर रागावू नका.

सुरुवात आजपासूनच करू. मंडप, जेवण, शिल्लक, सगळा जमाखर्च स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर छापा.

सर, या वेळी रीत दाखवतो.