बारा संघांनी सोडलेला गडी



अध्यक्षाला विषयाची मोकळीक दिली, याचा संयोजकांना आता थोडा पश्चात्ताप होणार आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी क्रीडालेखकानं उठून क्रिकेटवर बोलावं, अशी रीत आहे. मी बोलणार आहे इथल्या फुटबॉलमधल्या अशा गड्याबद्दल, ज्याच्या हातात अख्ख्या मोसमात चेंडू आला नाही तरी कुणाला नवल वाटत नाही. डिफेन्सिव्ह लाइनमन. कॉलेजात खेळणारा असा पोरगा व्यावसायिक मैदानावर टिकेल की नाही, हे आधी कसं ओळखायचं?

2014 सालचा ॲरन डोनाल्ड घ्या. पिट्सबर्गचाच मुलगा, पिट्सबर्ग विद्यापीठाचाच खेळाडू. 2013च्या मोसमात त्यानं चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला 11 वेळा लोळवलं, म्हणजे 11 सॅक. प्रतिस्पर्ध्याला चाल सुरू झाली त्या रेषेच्याही मागे पाडण्याचा त्याचा आकडा होता 28.5. (यातला अर्धा म्हणजे दोघांनी मिळून पाडलेला गडी. हिशेब इथेही चोख असतो.) बचावपटूंसाठीचे मोठमोठे पुरस्कार त्या वर्षी त्याच्याच घरी गेले. तरीही व्यावसायिक संघ आळीपाळीनं कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या वेळी चर्चा कशाची? उंचीची. सहा फूट एक इंचालाही किंचित कमी, वजन 285 पौंड. आतल्या फळीत खेळायला हा लहान पडेल, असं म्हणणारे पुष्कळ होते. मीही त्यांतलाच. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे दोनच शब्द आहेत : ‘उंची कमी’.

आता हा गडी करतो काय ते पाहू. समोर गार्ड आणि सेंटर उभे. प्रत्येकाचं वजन तीनशे पौंडांच्या आसपास. चेंडू मागे सरकला की पुढचे दोन-तीन सेकंद, तेवढाच याचा संसार. म्हणून टेप लावल्यावर मी चेंडू पाहत नाही, त्याचा पुढचा पाय पाहतो. चेंडू हलला त्याच क्षणी पाय हलला, की शेजाऱ्याचा हलल्यावर? मग हात. आपल्याकडे कुस्तीत खडाखडी असते ना, तसंच. फरक एवढाच की ती इथे अर्ध्या सेकंदात उरकते. समोरच्याचे पंजे आपल्या छातीवर बसायच्या आत झटकले तर वाट मोकळी, बसले तर खेळ संपला. तिसरी गोष्ट कमरेची. जो खाली राहतो तो समोरच्याला उचलतो, हे आखाड्यातल्या वस्तादाला सांगावं लागत नाही. इथे येऊन डोनाल्डची ‘कमी उंची’ ही त्याची पुंजी ठरते. तो मुळातच समोरच्याच्या खांद्याखाली शिरलेला असतो.

आकड्यांना मी नावं ठेवत नाही. ड्राफ्टआधीच्या चाचणीत, इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, हाच डोनाल्ड 40 यार्ड 4.68 सेकंदांत धावला आणि 225 पौंडांचा भार त्यानं 35 वेळा उचलला. आकडे ओरडून सांगत होते. पण त्याआधी 2008 साली ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टननं तोच भार 37 वेळा उचलला होता आणि धावलाही जवळपास तितक्याच वेगानं. जेट्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. त्यांच्याकडच्या तीन मोसमांत त्याची एकही सॅक नाही. 1995 साली ईगल्सनी कम्बाइन गाजवणाऱ्या माइक मामुलासाठी वरचा सातवा क्रमांक मिळवला आणि बदल्यात आपला बारावा टॅम्पा बेला दिला. त्या बाराव्या क्रमांकावर टॅम्पानं उचलला वॉरन सॅप, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. सॅप घसरला त्यामागे मैदानाबाहेरच्या बातम्याही होत्या, हे खरं.

सॅकचा आकडाही फसवा असतो, हे आपण लेखक फार कमी वेळा लिहितो. मागच्या बचावपटूंनी सगळे झेलणारे अडवून ठेवले, क्वार्टरबॅक चेंडू घेऊन ताटकळला, आणि लाइनमननं चालत जाऊन त्याला पाडलं. नोंद मात्र लाइनमनच्या नावावर. उलट दुसरा बिचारा दर चालीला दोघांना अंगावर घेतो, त्यामुळे मागचा लाइनबॅकर मोकळा होतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नाव येतं त्या लाइनबॅकरचं. हे पाहायला बावीसही खेळाडू दिसणारी टेप लागते आणि तीच चाल चारदा मागे नेण्याचा चिवटपणा लागतो. चौथ्या क्वार्टरमधल्या चाली तर मी आधी पाहतो. दमलेला माणूस खोटं बोलत नाही.

डोनाल्डला तेराव्या क्रमांकावर सेंट लुइस रॅम्सनी घेतलं. बारा वेळा त्याचं नाव टळलं होतं, आणि गंमत अशी की त्या बारांत एकदा खुद्द रॅम्सच होते : दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी ग्रेग रॉबिन्सन हा आक्रमक फळीतला टॅकल निवडला होता. रॅम्सच्या पारखी नजरेचे गोडवे गाताना हे सोयीस्कर विसरलं जातं. पुढे डोनाल्ड 2017, 2018 आणि 2020 असा तीनदा सर्वोत्तम बचावपटू ठरला. फेब्रुवारी 2022च्या सुपर बोलमध्ये शेवटची निर्णायक चाल होती. त्यानं बेंगल्सच्या जो बरोला गाठलं, चेंडू कसाबसा फेकला गेला आणि सामना 23-20 असा रॅम्सच्या पदरात पडला. दहा मोसम, 111 सॅक आणि 2024 साली निवृत्ती.

ती वही मी आज मुद्दाम सोबत आणली आहे, चहाच्या वेळी कुणालाही पाहता येईल. माझी विनंती एवढीच : येत्या ड्राफ्टआधी प्रत्येकानं कॉलेजातला एक लाइनमन निवडावा, त्याचे चार सामने पाहावेत आणि आपलं मत तारीख घालून, सही करून सचिवांकडे बंद पाकिटात द्यावं. पाकिटं तीन वर्षांनी याच व्यासपीठावर फोडू. पहिलं माझं असेल.