रात्रीच्या व्यायामानंतरचे जेवण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला आरोग्यावर बोलण्याची आज्ञा केली. विषय अफाट आहे; मी त्यातील ओंजळभरच पाणी उचलणार आहे. आपल्या समाजातील पुष्कळ तरुण, आणि संतोषाची गोष्ट अशी की कित्येक तरुणीही, हल्ली नोकरीवरून परतल्यावर रात्री आठ-नऊ वाजता व्यायामशाळेत जातात. डोंबिवलीहून वा पनवेलहून मुंबईस जाऊन येणाऱ्यास दुसरी वेळ सापडावी तरी कोठून? घरी येईतो साडेदहा होतात आणि तेथे रोजचा वाद उभा राहतो. मुलगा म्हणतो, रात्रीचे अन्न अंगावर चढते, मला काही नको. आई म्हणते, एवढा घाम गाळून उपाशी निजू नये. माझे मत विचाराल तर ते आईच्या बाजूचे आहे. मात्र तिने वाढलेले ताट सर्वस्वी बिनचूक असते, असे मी म्हणणार नाही.

व्यायामाने स्नायूंतील साखरेचा साठा खर्ची पडतो आणि स्नायूंचे तंतू काहीसे झिजतात. त्यांच्या डागडुजीस प्रथिने लागतात, आणि हे काम एका दिवसाहूनही अधिक काळ चालू राहते. म्हणून अर्ध्या तासात खाल्ले नाही तर सारी मेहनत फुकट गेली, ही समजूत अतिशयोक्तीची होय. तथापि रात्रभर पोट रिकामे ठेवणेही शहाणपणाचे नव्हे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील संशोधकांनी 2012 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रात्री आठ वाजता व्यायाम केलेल्या तरुणांपैकी काहींना निजण्यापूर्वी 40 ग्रॅम केसीन दिले. ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्या तुलनेने या तरुणांत झोपेच्या काळात स्नायूंतील प्रथिनांची घडण सुमारे 22 टक्क्यांनी अधिक झाली. हे केसीन म्हणजे काही दुर्मिळ रसायन नव्हे. गाईम्हशींच्या दुधातील प्रथिनांचा सुमारे चार-पंचमांश भाग तेच असते. अर्थात 40 ग्रॅम हे माप प्रयोगापुरते. साठ किलो वजनाच्या सामान्य माणसास एका जेवणात अठरा ते वीस ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात.

ती जमवावी कशी? ज्वारीची एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मुगाची उसळ आणि पेलाभर दूध, एवढ्यात हिशेब जवळजवळ पुरा होतो. अंडे चालत असल्यास एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. ज्यांच्या घरी मासळी चालते त्यांनी कालवणातला तुकडा घ्यावा, तळलेला नको. धान्यात लायसिन उणे असते, ते डाळीत मिळते. डाळीत मेथिओनिन उणे, ते धान्यात मिळते. शास्त्रज्ञांनी हे सांगण्यापूर्वीच आपल्या आजीने मुगाची खिचडी रांधली होती. कोल्हापूरच्या तालमीतील बदामाची थंडाई आणि तूप यांची नक्कल मात्र दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याने करू नये. त्या मल्लाची मेहनतही त्याबरोबर यावी लागते.

तळलेले व तुपकट अन्न पोटात फार वेळ राहते, आणि लगेच आडवे झाल्यास आंबट पाणी घशाशी येते. म्हणून स्टेशनबाहेरचा वडापाव ही सर्वांत वाईट तडजोड. उत्तम उपाय असा की सायंकाळी सहाच्या सुमारास कचेरीतच मूठभर फुटाणे आणि एक केळे खावे, म्हणजे रात्रीचे जेवण आपोआप हलके होते. पाणी किंवा मिठाचे ताक थोडेथोडे प्यावे. चहा मात्र नको. त्यातील कॅफीन निम्मे व्हावयासच सुमारे पाच तास लागतात. प्रथिनांच्या भुकटीचे डबे विष नव्हेत, पण त्यांत चमत्कारही नाही. नव्या नोकरीच्या पगारातून ते घेण्याआधी घरच्या डाळीदुधाचा हिशेब करावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्याच्या सल्ल्यावाचून प्रथिने वाढवूच नयेत.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. मधुमेह आता तिशी-चाळिशीतही आढळतो. इन्सुलिन घेणाऱ्या, किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाने रात्री कसून व्यायाम केला, तर त्याचे स्नायू पुढे कित्येक तास रक्तातील साखर ओढून घेत राहतात. असा माणूस न जेवता निजला तर मध्यरात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, थरथर, बरळणे ही तिची लक्षणे; झोपेत ती कळतही नाहीत. अशांनी निजण्यापूर्वी साखर तपासावी, उपाशी झोपू नये आणि औषधाची मात्रा आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावी. घरच्यांनी साखर हाताशी ठेवावी. मात्र बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी.

एक विनंती चिरंजीवांना. तुमच्यासाठी साडेदहापर्यंत थांबणारी आई किंवा पत्नी बहुधा स्वतःही उपाशीच असते, आणि मग गार झालेले उरलेसुरले खाते. तिने वेळेवर जेवून घ्यावे. खिचडी तुम्हांस स्वतः गरम करून घेता येईल. व्यायाम करणाऱ्या मुलीच्या पेल्यातही भावाइतकेच दूध असावे, हे मी वडील मंडळींना सांगतो.