विज्ञानपट आणि कर्णाचा प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींनी नाक मुरडले असेल. विज्ञानपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उडत्या तबकड्या येतात, पत्र्याची माणसे येतात, आणि शेवटी मोठा धडाका होऊन सारे संपते. अशा चित्रपटांशी शोकांतिकेचा काय संबंध? आणि वसंत ऋतूत गोदाकाठी, यशवंतराव महाराजांच्या पटांगणावर, थंड वाऱ्याला बसलेल्या श्रोत्यांना तो ऐकवावा कशाला? माझे उत्तर एवढेच की ज्या एका प्रश्नाने महाभारतातल्या कर्णाला जन्मभर पोळले, तो प्रश्न आज जगातले उत्तम विज्ञानपट विचारीत आहेत. तो आपल्या घरचा प्रश्न आहे. तेव्हा त्यावर बोलण्याचा आपला अधिकार इतरांपेक्षा काकणभर अधिकच आहे.

प्रथम शोकांतिका म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. घाटात गाडी दरीत कोसळली, माणसे गेली, तर तो अपघात. आपण हळहळतो, पण त्याला शोकांतिका म्हणणे हे केवळ वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपुरते ठीक. सोफोक्लीसचा राजा ईडिपस राज्यातल्या रोगराईचे मूळ शोधू लागतो, पूर्वीच्या राजाचा खुनी कोण याची चौकशी आरंभतो, आणि चौकशीची वाट फिरून फिरून त्याच्याच उंबरठ्यावर येते. शोधणारा तोच आणि सापडणाराही तोच. ही खरी शोकांतिका. आपल्या संस्कृत नाटककारांना नायकाचा असा शेवट रुचत नसे. एका भासाने मात्र ‘ऊरुभंग’ लिहिले आणि ‘कर्णभार’ही लिहिले. मराठीत ही दृष्टी पुढे इंग्रजी नाटकांच्या वाचनातून आली. आगरकरांनी 1883 साली हॅम्लेटला ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ऑथेल्लोला ‘झुंझारराव’ केले, आणि या नाशकात राहून वि. वा. शिरवाडकरांनी मॅक्बेथला ‘राजमुकुट’ चढविला. त्याच शिरवाडकरांनी 1953 साली ‘कौंतेय’ हे नाटक लिहिले, हे आजच्या विषयाच्या दृष्टीने मला फार महत्त्वाचे वाटते. कर्णाला राधेय म्हणावे की कौंतेय, या एका शब्दाच्या निवडीत त्याचे सारे आयुष्य सामावलेले आहे.

आता रंगमंडपातला तो प्रसंग आठवा. राजपुत्रांचे शस्त्रकौशल्य पाहण्यासाठी लोक जमले आहेत. एक अनोळखी तरुण पुढे येतो आणि अर्जुनाने केले ते सारे करून दाखवितो. तेव्हा कृपाचार्य त्याला काय विचारतात? तुझी विद्या कोणती असे विचारीत नाहीत. ती तर सर्वांनी पाहिलेलीच आहे. ते विचारतात, तुझे कुळ कोणते, आईबाप कोण. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशचा राजा करतो. आणि राज्याभिषेकाच्या पाण्याने ओले झालेले ते मस्तक, घामाघूम होऊन काठी टेकीत आलेल्या अधिरथ सारथ्यापुढे लवते. भीम कुत्सितपणे हसतो.

1982 साली ‘ब्लेड रनर’ नावाचा अमेरिकन चित्रपट निघाला. दिग्दर्शक रिडली स्कॉट. त्यात कारखान्यात घडविलेली माणसे आहेत. शरीराने, बुद्धीने, बळाने ती आपल्यासारखी, किंबहुना सरस. त्यांना ओळखायचे कसे? त्यासाठी एक यंत्र आहे. समोर बसवून काही चमत्कारिक प्रश्न विचारायचे आणि डोळ्याची बाहुली कशी हलते ते पाहायचे. जो या परीक्षेत उतरला नाही त्याला गोळी घालायची. आणि त्या क्रियेला तिथल्या सरकारी भाषेत ‘निवृत्त करणे’ असे सभ्य नाव आहे. मंडळी, हे यंत्र म्हणजे कृपाचार्यांचाच प्रश्न! तुला काय येते ते राहू दे, तू कुठून आलास ते सांग.

या चित्रपटात रेचेल नावाची एक तरुणी आहे. तिला आपण माणूस आहोत असेच वाटते. पुराव्यादाखल ती आईबरोबरचे लहानपणीचे छायाचित्र दाखविते. परंतु तिच्या आठवणी तिच्या नाहीतच. कारखान्याच्या मालकाने आपल्या पुतणीच्या आठवणी तिच्या डोक्यात बसविल्या आहेत. त्या एका छायाचित्रावर मी कित्येकदा विचार केला आहे. आपल्या घरात भिंतीवर आजोबांची तसबीर असते, ट्रंकेत मुंजीचे फोटो असतात. ते आपले कशावरून? कोणी तरी सांगितले म्हणून! आणि याच चित्रपटातला बंडखोर रॉय बॅटी, ज्याला अवघे चार वर्षांचे आयुष्य मोजून दिलेले आहे, तो आपल्या निर्मात्यापुढे जाऊन उभा राहतो आणि अधिक आयुष्य मागतो. ते देता येत नाही असे कळल्यावर तो त्याचा जीव घेतो. पण अखेरीस, स्वतः मरणाच्या दारात असताना, आपल्याला मारण्यासाठी आलेल्या माणसाला तो कड्यावरून वर ओढून घेतो. कर्णाला परशुरामाचा शाप होता, ब्राह्मणाचा शाप होता; याला मालावर छापलेली मुदत आहे. शब्द बदलले, एवढेच.

याच कथेचा दुसरा भाग 2017 साली आला, आणि माझ्या मते कर्णकथेशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. त्यातला नायक ‘के’ हा घडविलेलाच माणूस, आणि आपल्याच जातभाईंना ठार करण्याची नोकरी करणारा. त्याला एक आठवण आहे: एक लाकडी घोडा, त्याच्या पायथ्याशी कोरलेली तारीख, आणि तो घोडा पोरांपासून लपविण्यासाठी केलेली धावपळ. पुढे त्याला कळते की कृत्रिम स्त्रीच्या पोटी एक मूल खरोखरच जन्मले होते. आणि तीच तारीख पुन्हा समोर येते. ज्या अनाथालयाची आठवण त्याला खोटी वाटत होती, तिथल्या भट्टीत तो हात घालतो तो खराच घोडा हाती लागतो! म्हणजे आपण घडविलेले नाही, जन्मलेले आहोत. आपल्यालाही आई होती. प्रेक्षकही त्याच्याबरोबर हेच मानू लागतो. आणि मग त्याला सांगण्यात येते की ते मूल मुलगी होती. आठवण खरी, पण दुसऱ्याची.

कर्णाच्या अगदी उलट गोष्ट ही. युद्ध तोंडावर आले असता कर्णाला कृष्ण सांगतो की तू सूतपुत्र नव्हेस, कुंतीचा थोरला मुलगा आहेस, राज्य तुझे आहे. कर्ण ते नाकारतो. ज्या राधेच्या स्तनांना आपल्यासाठी पान्हा फुटला तिला सोडून जाणे त्याला जमत नाही. शिवाय तो कृष्णाला विनवितो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कारण कळले तर तो राज्य माझ्या पदरात टाकील आणि मी ते दुर्योधनाला देऊन बसेन. ‘के’ला कळते की तो कोणीच नाही. तरीही तो एका बापाला त्याच्या मुलीच्या दाराशी पोहोचवितो आणि स्वतः बाहेर बर्फाच्या पायऱ्यांवर आडवा होतो. एकाला कूळ मिळते तेव्हा तो ते घेत नाही. दुसऱ्याला मिळत नाही, तरी तो कुलवंताला शोभेल असे वागतो. दैव दोघांनाही चुकत नाही. परंतु आपण कोण हे समजल्यावर काय करावयाचे, तेवढी वीतभर जागा दैवाने दोघांनाही मोकळी सोडली होती आणि दोघांनीही ती वापरली.

आता आपल्याकडे वळू. इथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले आपले दादासाहेब फाळके चित्रपटाच्या नादी लागण्यापूर्वी जादूचे प्रयोग करीत, आणि त्यासाठी त्यांनी नाव घेतले होते ‘प्रोफेसर केळफा’. फाळके हे आडनाव उलटे वाचा! पुढे कित्येक वर्षांनी, 1974 साली, मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले, कारण आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांच्या तागडीत पडू नये अशी त्यांची इच्छा होती. आपले नाव बाजूला ठेवले तर आपण किती उरतो, हे पाहण्याचे धैर्य थोड्यांना असते. 2021 साली नाशिकला साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्ष नारळीकर होते. प्रकृतीमुळे त्यांना येता आले नाही. 2025च्या मे महिन्यात ते गेले.

फाळक्यांच्या ‘लंकादहना’त, 1917 साली, अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. बायका कामाला मिळत नसत म्हणून हे घडले. त्यात तत्त्वज्ञान नव्हते. पण कॅमेऱ्याची ही शक्ती, की एकच देह दोन माणसे होऊन स्वतःचाच विरह सोसू शकतो, आपल्या चित्रपटाच्या पाळण्यातच होती, हे विसरू नये.

या शक्तीचा मोठा उपयोग पुढे केला तो बंगळूरच्या एका मराठी घरातल्या मुलाने. शिवाजीराव गायकवाड त्याचे नाव. बसवर कंडक्टर होता. दिग्दर्शक बालचंदर यांनी त्याला रजनीकांत केले. म्हणजे नाव बदलणारा हा तिसरा! 2010 सालच्या ‘एन्थिरन’ या तमिळ चित्रपटात, जो आपण हिंदीत ‘रोबोट’ म्हणून पाहिला, निर्माता शास्त्रज्ञही तोच आणि निर्मिलेला यंत्रमानव चिट्टीही तोच. चिट्टी आगीतून माणसे वाचवितो. नहाणीघरात अडकलेल्या एका मुलीलाही तो तसाच, आहे त्या स्थितीत, जगापुढे आणून ठेवतो. ती लाजेने धावत सुटते आणि गाडीखाली सापडते. इथे खरी शोकांतिका सुरू होते. यंत्राला जीव वाचविणे कळते, लज्जा कळत नाही. म्हणून निर्माता त्याला भावना देतो, आणि भावना मिळताच ते निर्मात्याच्याच वाग्दत्त वधूवर प्रेम करू लागते. पुढे निर्माताच रागाच्या भरात त्याचे तुकडे करून उकिरड्यावर टाकून देतो. बापाने मुलाला पेटीत घालून नदीत सोडावे तसे हे!

आणि नेमक्या या ठिकाणी आपला चित्रपट कच खातो. एक दुष्ट मनुष्य चिट्टीला उचलून नेतो आणि त्याच्यात संहाराची तांबडी चकती बसवितो. त्यानंतर जे काही होते ते चकती करते. मोटारी उडतात, शेकडो चिट्टी एकमेकांना चिकटून अजस्र नाग होतो, पोरे टाळ्या पिटतात. माझी तक्रार टाळ्यांविषयी नाही. पण कल्पना करा, दुर्योधनाने कर्णाच्या अन्नात काही मिसळले आणि म्हणून कर्ण कौरवांकडून लढला, असे व्यासांनी लिहिले असते तर कर्णासाठी कोण रडले असते? दोष चकतीत गेला की दुःखही चकतीबरोबर काढून टाकता येते. सुदैवाने चित्रपट शेवटी सावरतो. चकती काढल्यानंतर शहाणा झालेला चिट्टी न्यायालयाच्या हुकुमाप्रमाणे स्वतःचे अवयव स्वतःच्या हाताने एकेक करून सोडवितो. त्या पाच-सात मिनिटांसाठी मी सारा गोंगाट माफ केला आहे.

मराठीत सुजय डहाके यांनी 2016 साली ‘फुंतरू’ काढला. न मिळालेल्या मुलीची प्रकाशाची प्रतिमा घडविणारा एक तरुण विद्यार्थी त्यात आहे. प्रयत्न धाडसी; कॉलेजातला दंगा थोडा कमी असता तर अधिक रंगला असता. पण प्रश्न नेमका होता: मी तुला घडविले म्हणून तू माझी का?

हा प्रश्न आता पडद्यावर राहिलेला नाही. 2024 साली ए. आर. रहमान यांनी एका तमिळ गाण्यात, कुटुंबीयांची संमती आणि मोबदला यांची व्यवस्था करून, दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकडून पुन्हा गाववून घेतले. संमती घेतली हे उचितच झाले. पण गाणारा कोण? आवाज त्याचा, गाणे त्याने कधी न पाहिलेले. लाकडी घोडा खरा, आठवण दुसऱ्याची.

कोणा मराठी दिग्दर्शकाला या वाटेने जावयाचे असेल तर मी त्याला नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या गोष्टीकडे बोट दाखवीन. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, की जिथे पानिपतावर विश्वासरावाला गोळी लागलेलीच नाही, ती केसाएवढ्या अंतराने चुकली आहे, आणि मराठे जिंकले आहेत. आमच्यासारख्या व्याख्यानबाजांना त्यातला सभेचा प्रसंग फार झोंबतो. मंचावर मोकळी खुर्ची पाहून पंत सवयीने जाऊन बसतात आणि त्या जगात अध्यक्षाची चालच बंद झालेली असल्यामुळे लोक त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो फेकतात. (अध्यक्षमहाराजांनी हे मनावर घेऊ नये.) वाचक पानिपताच्या विजयाने हुरळतो आणि सभेला हसतो, परंतु या दोहोंच्या आधी एक लहानसा प्रसंग आहे, तो चटकन वाचून पुढे जातो. मला कॅमेरा तिथे थांबायला हवा आहे. मुंबईत उतरल्यावर पंत फोर्ब्स कंपनीच्या कचेरीत जातात. तिथे त्यांचा मुलगा नोकरीला आहे. ते त्याचे नाव सांगतात. समोरची बाई यादी पाहते, पुन्हा पाहते, आणि अत्यंत सौजन्याने सांगते की या नावाचे इथे कोणी नाही. मराठ्यांनी पानिपत जिंकले आहे, आणि ह्या एका म्हाताऱ्याचा मुलगा जन्मलेला नाही. तो काही बोलत नाही. वळतो, आणि ग्रंथालयाची वाट धरतो.