हाताला काम, मनाला धीर
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे मनोगत)



वर्षभराचा जमाखर्च आपल्या हाती छापील स्वरूपात आहेच. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आकड्यांत वावरणारे. परंतु ताळेबंदात ज्याला अद्याप स्वतंत्र शीर्ष नाही, अशा एका खर्चाविषयी आज बोलावयाचे आहे. बौद्धिक दिव्यांग रुग्ण आंतररुग्ण विभागात दाखल असताना त्यांच्या हाताला उपचाराचा भाग म्हणून काम देणे, हा तो खर्च होय.

प्रथम आमची चूक सांगतो. संग्रामपूर तालुक्यातील एका खेड्यातून पंचविशीचा एक तरुण पायाचे हाड मोडल्याने दाखल झाला. समज लहान मुलाएवढी. कोणी जवळ आले की तो ओरडे, सलाइनची सुई उपसून टाकी. शेजारच्या खाटांवरून तक्रारी येऊ लागल्या. अखेरीस आईची संमती घेऊन त्याचे हात पट्टीने खाटेस बांधण्यात आले. त्या माउलीने संमती दिली खरी. पण नंतर ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

चौथ्या दिवशी वॉर्डातील मावशींनी तिला सहज विचारले, "घरी दिवसभर काय करतो हा?" ती म्हणाली, "दाय निवडते जी. एक खडा राहू देत नाही." मावशींनी स्वयंपाकघरातून सुपात तुरीची डाळ आणली आणि त्याचे हात सोडले. उजव्या हाताने तो डाळ निवडत राहिला आणि डाव्या हाताला सलाइन लागले. आमच्या भरतीच्या अर्जात नाव, वय, पत्ता, बिल कोण भरणार, असे सारे रकाने होते. हा रुग्ण घरी काय करतो, कशाने शांत होतो, दुखले तर कसे सांगतो, हा रकाना मात्र नव्हता.

या रुग्णांना वेदना कमी होतात असे नाही. त्या शब्दांत सांगणे त्यांना कठीण जाते. अनोळखी जागा आणि मोडलेली दिनचर्या यांनी ते भांबावतात. त्यांचे ओरडणे हा स्वभावच आहे असे आपण धरून चालतो आणि खरे दुखणे नजरेतून निसटते. ओळखीचे काम हाती असले म्हणजे मन स्थिरावते. शिवाय ते काम एकाएकी थांबले, तर काहीतरी दुखत आहे हे परिचारिकेच्या ध्यानी येते. ‘दीर्घ श्वास घ्या’ हे ज्याला समजत नाही, त्याला कागदी भिंगरी फुंकावयास दिली की श्वासाचा व्यायाम घडतो. बोटांच्या पकडीसाठी कणकेचा गोळा आणि चालण्याच्या सरावासाठी टाळाचा ठेका उपयोगी पडतो. न्याहारी, मलमपट्टी, काम, विश्रांती असा चित्रांचा तक्ता खाटेजवळ लावला की पुढे काय होणार याची धास्ती उरत नाही.

ही काही आमची कल्पना नव्हे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, शिक्षण सुरू केले. आपल्याच विभागात, अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे, शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव दिले आणि त्या मुलांच्या हातांनी टेकडीवर हजारो झाडे वाढवली. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते रुग्णालय नव्हे, घर आहे. परंतु काम हेही औषध असते, हे तेथे दिसते.

कायदाही बदलला आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. बौद्धिक दिव्यांगता हा मानसिक आजार नव्हे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येतूनही स्पष्ट होते. नातेवाइकांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विमा योजनेत नाव अवश्य नोंदवावे. तिच्यात १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून उपचारपद्धतींच्या खर्चाचाही समावेश आहे.

आता आमच्या अर्जात तो रकाना आला आहे. जुनी साठवणीची खोली रिकामी करून तेथे चटई, सुपे, भिंगऱ्या, टाळ ठेवले आहेत. साहित्याचा खर्च फार नाही. खर्च आहे तो माणसाचा. आठवड्यातून काही दिवस येणारा व्यवसायोपचार तज्ज्ञ आणि वॉर्डात एक प्रशिक्षित मदतनीस हवा आहे. अशा रुग्णाजवळ अर्धा तास बसण्यास परिचारिकेला इतर खाटांमुळे सवड होत नाही, आणि तो अर्धा तास मिळाला नाही की पुन्हा पट्टीकडे हात जातो.

देणगीदारांनी खेळणी जरूर द्यावीत. पण त्याहून या दोन माणसांच्या मानधनाचा भार उचलावा, ही नम्र विनंती. या कामातून रुग्णालयास एक रुपयाही उत्पन्न होणार नाही, हे हिशेबनीस या नात्याने आधीच नमूद करतो. विश्वस्त मंडळाने येत्या अंदाजपत्रकात ‘उपचारात्मक उपक्रम’ या नावाचे स्वतंत्र शीर्ष उघडावे, असा प्रस्ताव आम्ही ठेवत आहोत. आणखी कोणा आईला भिंतीकडे तोंड करून बसावे लागू नये, एवढ्यासाठी तो मान्य व्हावा.