लिव्हरपूलचे डॉक्टर डंकन

1 जानेवारी 1847 रोजी डॉक्टर विल्यम हेन्री डंकन हे लिव्हरपूल शहराचे आरोग्याधिकारी म्हणून रुजू झाले. ब्रिटनमध्ये या हुद्द्यावर नेमलेले ते पहिले वैद्य होत. त्याच शहरात 1805 साली जन्मलेल्या आणि एडिंबरोहून वैद्यकाची पदवी घेऊन परतलेल्या डंकनांनी गरिबांच्या दवाखान्यात रोगी तपासता तपासता पाहिले होते की, ज्या ओल्या, अंधाऱ्या तळघरांत मजुरांची कुटुंबेच्या कुटुंबे राहतात, तेथे औषधाची बाटली पाठवून काहीएक उपयोग नाही. आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांच्या 1842 च्या अहवालात लिव्हरपूलच्या सुखवस्तू वर्गाचे मृत्यूचे सरासरी वय 35 वर्षे, तर मजुरांचे अवघे 15 वर्षे नोंदले आहे. या पंधरामागे पाळण्यातच दगावलेली असंख्य बालके होती. पुढच्याच वर्षी डंकनांनी या मृत्यूंच्या कारणांवर व्याख्यान देऊन शहराच्या कारभाऱ्यांपुढे आकडे मांडले, आणि 1846 चा खास कायदा होऊन त्यांच्यासाठी हे पद निर्माण झाले.

घाणीतून निघणारी दूषित हवाच रोगाचे मूळ, ही त्यांची समजूत शास्त्राने पुढे खोटी ठरविली. तरी मोऱ्या बांधा, स्वच्छ पाणी द्या, दाटी हटवा, ही तिच्यातून निघालेली मागणी सर्वथा योग्य होती.

रुजू होताच परीक्षेची घडी आली. आयर्लंडातील दुष्काळाने हाकलून दिलेले सुमारे 3 लाख लोक त्या एका वर्षात लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरले, त्यांच्यामागोमाग टायफस ज्वर आला, इस्पितळे अपुरी पडून मर्सी नदीत नांगरलेल्या जहाजांवर रोगी ठेवावे लागले, आणि त्यांच्या उशाशी बसलेले 10 कॅथलिक धर्मगुरू त्याच ज्वराने गेले. खाजगी व्यवसाय सांभाळून नोकरी करणे आता अशक्य होते. 1848 पासून डंकनांनी तो व्यवसाय सोडून स्वतःला पूर्णतः शहराच्या चाकरीस वाहून घेतले. तळघरे रिकामी करण्याचा हुकूम त्यांनी नेटाने अमलात आणला. मात्र बाहेर काढलेल्यांना दुसरा निवारा देण्याची तरतूद कायद्यात नसल्याने ते आधीच गच्च भरलेल्या खोल्यांत शिरले. माझ्या मते हा दोष त्या वैद्याचा नव्हे, घरे बांधण्याचा खर्च टाळणाऱ्या राज्यकर्त्यांचा होय.

1863 साली डंकन निवर्तले. असा अधिकारी नेमणे इंग्लंडभर सक्तीचे झाले ते 1872 च्या कायद्याने.